वन्संच्या कानाला भोक नव्हतं

मंडळी, बसा. तो पंखा स्वल्प तिकडं फिरवा कुणीतरी, माझा पदर माईकवर उडतोय. हं, सरी, ठीक.

राजाजीनगरातल्या आपल्या मंडळाच्या ह्या हॉलमध्ये मी पन्नासच्या वर वर्षं येतेय. गणपतीला येते, हळदीकुंकवाला येते, कुणी गेलं की येते. पण नेहमी मागच्या बाजूला, सतरंज्या झटकायला आणि चहाचे पेले विसळायला. माईकच्या ह्या बाजूनं तुम्ही सगळे कसे दिसता ते आज पहिल्यांदा बघतेय. बरे दिसता. थोडे पेंगुळलेले दिसता.

माझ्याआधी तिघं बोलले. तिघंही म्हणाले, बोलायला जड जातंय. मलाही जातंय. त्यांना दुःखानं जड जात होतं. माझं कारण वेगळं आहे. सुशीलाअक्का गेल्या, तुमच्या सगळ्यांच्या अक्का. माझी सख्खी नणंद. मी त्यांना वन्सं म्हणते. म्हणायची. आणि मी आनंदात आहे. आनंदात असलेल्या बाईनं इथं उभं राहून काय बोलावं, सांगा.

वसंता, असा बघू नको. हा पहिल्या रांगेतला वसंत, वन्संचा मुलगा, माझा भाचा. वसंता, आनंद तुझी आई गेली म्हणून नाही रे. म्हणजे अजिबात नाही असंही नाही. सांगते, बस.

आधी एक दुरुस्ती. बाहेर फलकावर लिहिलंय की अक्का हृदय बंद पडून गेल्या. भाषणातही तेच आलं, झोपेत गेल्या, पुण्यवान होत्या. हृदय तर प्रत्येकाचंच बंद पडतं, त्यालाच मरण म्हणतात. ते कशानं बंद पडलं ते विचारा. वन्संच्या उजव्या तळपायाला कुरूप झालं होतं. ते त्यांनी वसंताच्या दाढीच्या ब्लेडनं कापलं आणि वर हळद दाबली. मंगळवारी कापलं. बुधवारी पाय गुडघ्यापर्यंत लाल. गुरुवारी ताप, बडबड, रक्तदाब खाली. शनिवारी संपल्या. झोपेत नाही गेल्या. मी तिथं होते. चौऱ्याऐंशी वर्षांची, अख्ख्या मंडळाला धाकात ठेवलेली बाई एका कुरपानं मेली.

आता तुम्ही म्हणाल, इंदूबाई, असं का बोलताय. इंदूबाई दुसरी शिकलेली आहे, तिला गोल बोलायला जमत नाही. सरळ सांगते, पण माझ्या पद्धतीनं.

वन्संच्या कानाला भोक नव्हतं. तुमच्या कधी लक्षात आलं का? दाबाची कर्णफुलं घालायच्या त्या. लग्नाला दाबाची नथ. तुम्ही म्हणायचा, अक्कांची हौस न्यारी. हौस कसली. त्या घरात कुणाच्याच कानाला भोक नाही. मी निपाणीहून लग्न होऊन आले तेव्हा सासूबाई गेलेल्या होत्या, घरात वन्संचा कारभार. त्यांचे यजमान इथंच कारखान्यात, माझेही तिथंच, दोन्ही बिऱ्हाडं एका भिंतीला. पहिल्याच आठवड्यात वन्संनी मला सांगितलं, आपल्यात पोरांचे कान टोचत नाहीत, नाक टोचत नाहीत, गोंदवत नाहीत. मी विचारलं, का. म्हणाल्या, देवीला चालत नाही.

बस्. एवढंच. देवीला चालत नाही.

माझं पहिलं बाळंतपण माहेरी झालं. मुलगा. मुकुंद. मी एकोणीस वर्षांची. गोरा नव्हता हो, पण केस असे होते की सुईणीनं आधी केसांवरूनच दृष्ट काढली. पाचव्या महिन्यात माझी आई म्हणाली, पोराचे कान बुच्चे कसे ठेवायचे. मी म्हटलं, त्यांच्या देवीला चालत नाही. आई म्हणाली, आपल्या देवीला चालतं, पोर अजून आपल्या घरात आहे. आम्ही दोघी हसलो. सोनार आला. त्यानं तार तापवली, तेल लावलं, सगळं नीट केलं. मांडीवर मी धरलं होतं. डोकं असं, दोन हातांत. तो रडला, मग दूध प्यायला, झोपला.

चौथ्या दिवशी गेला.

कानाची पाळी एवढीशी लाल होती. चण्याएवढी. त्या चण्याएवढ्या लालीनं पोर कसं जाईल? डॉक्टरही चक्रावला. म्हणाला, असलं बघितलं नाही.

वन्संना मात्र नवल वाटलं नाही. त्या निपाणीला आल्या, दारातूनच म्हणाल्या, देवीचं मोडलंस ना. आणि नंतर इथं बेंगळुरात सगळ्यांना सांगितलं, ही पोर खाऊन बसलेली बाई आहे, हिच्या हाताला मरण लागलंय. तेव्हापासून मला कुणाच्या बारशाला पाळण्याला हात लावू दिला नाही. पन्नास वर्षं. माझ्या स्वतःच्या नातीच्या बारशाला, वैदेहीच्या, मी स्वयंपाकघरात घुगऱ्यांचे हरभरे निवडत बसले होते. आणि मंडळी, वन्संनी सांगितलं म्हणून तुम्हीही मानलंत. त्या खांबाजवळ बसलेल्या तुम्ही, हो तुम्हीच, तुमच्या मुलीचं बाळ मी उचलायला गेले तर तुम्ही म्हणालात, असू दे, आत्ताच झोपलंय. टक्क जागं होतं ते.

तर ही माझी नात, वैदेही. मागे भिंतीला टेकून उभी आहे, कपाळाला हात लावलाय तीच. तिचा मला एवढा आनंद आहे की विचारू नका. डॉक्टर आहे, पण सुई टोचणारी नव्हे, शोध लावणारी. आता तुम्हाला वाटेल आजी नातीचं कौतुक शोकसभेत कशाला करतेय. करू द्या. आणि ते ह्याच गोष्टीतलं आहे.

ती शोध कशाचा लावते? आपल्या रक्तात पहारा करणाऱ्या पेशी असतात. जंतू आत आला की त्याच्याबरोबर त्याचं विष येतं. जंतू मेला तरी विष मागे राहतं. त्या विषाचा वास पेशींना लागला की त्या पेटतात, ताप आणतात, सूज आणतात, जंतूला मारतात. मग शांत होतात. वैदेहीनं मला समजावलं तेव्हा मी म्हटलं, म्हणजे मिरचीच्या फोडणीसारखं. सगळं घर खोकतं, कुणीतरी खिडकी उघडतं, ठसका थांबतो. ती म्हणाली, आजी, अगदी तसं. पण काही घराण्यांत ती खिडकीच नसते. एका मिरचीवर पेशी खोकत सुटतात ते थांबतच नाहीत. शिरा गळायला लागतात, रक्तदाब पडतो. जंतू बिचारा कोपऱ्यात असतो, माणूस मरतं ते आपल्याच पेशींच्या आकांतानं.

आणि ही बिनखिडकीची बांधणी येते कुठून? आईबापाकडून. नाकासारखी, टकलासारखी. दोघांतल्या एकाकडून आली तरी पुरते. आणि पोराला येईल की नाही हे नाणं उडवल्यासारखं. शशीला, माझ्या दुसऱ्या मुलाला, वैदेहीच्या बापाला, काय आलं काय नाही ते मी सांगणार नाही. वैदेही डोळे वटारतेय. कुणाचा रिपोर्ट दुसऱ्याला सांगायचा नाही असा तिच्याकडं नियम आहे, आणि आमच्या घराण्याचं शंभर टक्के तेच आहे असं अजून म्हणायचं नाही, तपास चालू आहे, हेही तिनं बजावलंय. बजावलेलं सांगितलं बाई. झालं.

तिनं घरातल्या सगळ्यांचं रक्त मागितलं होतं. बरेच जण आले. वन्संनी दिलं नाही. म्हणाल्या, आमच्या रक्तात काय बघायचंय, तुझ्या आजीचं बघ, परक्या रक्ताची तीच आहे. वैदेही म्हणाली, हो आत्याआजी, तिचंही हवंय. कारण घराबाहेरचं, साधं रक्त शेजारी ठेवल्याशिवाय ह्यांचं काय बिघडलंय ते कळत नाही.

मला घेऊन गेली ती तिच्या प्रयोगशाळेत. पायाला निळ्या पिशव्या घातल्या, डोक्याला टोपी. एक ताटली दाखवली, तिला बोटाच्या पेराहून लहान अशा वाट्याच वाट्या. पेशींना जंतूचं विष पाजायचं, त्या जे ओकतील ते ह्या वाट्यांत घालायचं, जेवढं ओकल्या तेवढा पिवळा रंग चढतो. माझी रांग ताकाच्या निवळीसारखी, जेमतेम पिवळी. शेजारची रांग आमच्या घरातल्या एका माणसाची. हळद. कच्ची हळद कालवल्यासारखी, वाटी न वाटी. वैदेही म्हणाली, आजी, तुझा दोष नव्हता गं. मी म्हटलं, कळलं. कळलं, पण मांडी माझीच होती. ते तुझ्या ताटलीत येत नाही.

आता हॉस्पिटल. गुरुवारी दुपारी वन्संजवळ मी एकटी. वसंत औषधं आणायला खाली. त्यांची बडबड थांबली आणि एकदम शुद्ध आली. लख्ख. मला म्हणाल्या, इंदू, मला माहीत होतं.

मी म्हटलं, काय.

तेव्हा त्यांनी सांगितलं. त्यांच्या वरचा एक भाऊ होता, कान टोचल्यावर सहाव्या दिवशी गेला. त्याच्याआधी एक आत्या, नाक टोचल्यावर. सासूबाईंनी तेव्हा ठरवलं, ह्या घरात टोचणं बंद. पण खरं कारण सांगितलं तर ह्या घरात मुलगी कोण देणार, ह्या घरातली मुलगी कोण करणार? म्हणून देवीला पुढं केलं. देवी काही बोलत नाही ना. आणि सासूबाईंनी मरताना वन्संकडून वचन घेतलं, सुनेला सांगायचं नाही.

मंडळी, ऐका. पोर मरेल, एवढे दोन शब्द. ते दोन शब्द कुणी मला बोललं असतं तर मी माझ्या आईचा हात धरला असता, सोनाराला चहा पाजून परत पाठवला असता. देवीला चालत नाही म्हटल्यावर एकोणीस वर्षांची पोर हसते. पोर मरेल म्हटल्यावर हसत नाही. आणि हे माहीत असून पन्नास वर्षं त्या बाईनं माझ्या हाताला नाव ठेवलं. का? माझ्या हाताला लागलंय म्हटलं की घराण्याच्या रक्ताकडं कुणी बघत नाही. एवढं सोपं.

वन्संनी माझं मनगट धरलं. तापानं हात चटका देत होता. म्हणाल्या, इंदू, माफ केलंस म्हण.

मी म्हटलं, वन्सं, पाणी हवंय का?

नर्स सकाळीच सांगून गेली होती, अज्जी, नीरु कोडबेडी. पाणी द्यायचं नाही. मला ते माहीत होतं. वन्सं हो म्हणाल्या, ओठ उघडले. मी दिलं नाही. म्हटलं, डॉक्टरांना चालत नाही.

तुम्हाला आवडलं नाही ना ऐकायला? मलाही सांगायला आवडत नाही. पण तिघांनी पुण्यवान बाईचं सांगितलं, आता मी माझं सांगतेय. मी माफ केलं नाही. पुन्हा त्यांना शुद्ध आली नाही. मी घरी आले, आंघोळ केली, भाताची पेज केली आणि दोन वाट्या प्यायले. गोड लागली.

एवढ्यावर मी बसले असते. वन्सं गेल्या, त्यांचं त्यांच्याबरोबर. पण वसंता, आत्ता हॉलच्या पायऱ्यांवर तू मला बाजूला घेऊन काय म्हणालास? मामी, कुरपाचं काढू नका, वैदेहीच्या तपासाचं काढू नका. धाकटीचं बघणं चाललंय, पाहुणे हॉलमध्ये आहेत. मी तुला विचारलं, आणि येत्या रविवारचं काय? तू म्हणालास, ते मी काहीतरी सांगून पुढं ढकलतो.

काहीतरी. अरे, तुझ्या आजीनंही काहीतरीच सांगितलं होतं.

ऋतुजा, तिसऱ्या रांगेत आहेस ना, पोरगी मांडीवर घेऊन. मंडळी, ही वसंताची सून, पुण्याची, व्हाइटफील्डला नोकरी करते. ऋतुजा, आपलं फार बोलणं नाही झालेलं. तुझ्या बाळाच्या बारशाला मी पाळण्यापासून लांब उभी होते, तुला वाटलं असेल म्हातारी शिष्ट आहे. रविवारी तू बाळाचे कान टोचणार आहेस. तुझ्या आईनं सोन्याच्या तारा घेऊन येते म्हणून कळवलंय. वन्सं जिवंत होत्या तोवर देवीचं सांगून त्यांनी तुला अडवलं, आणि तू म्हणालीस, आजी, आता असलं कोण मानतं, मी चांगल्या डॉक्टरांकडं नेणार आहे. बरोबर म्हणालीस. मीही तेच म्हटलं असतं. मी तेच म्हटलं होतं.

म्हणून आता नीट ऐक. देवीचा काही संबंध नाही. ह्या घराण्यात कान टोचून दोन पोरं मेली, नाक टोचून एक बाई, आणि आता कुरपानं तुझी आजेसासू. तुझ्या पोरीच्या रक्तात ते असेल किंवा नसेल. नाणं किती वेळा उडालंय ते वैदेहीला विचार, मला विचारू नको. आधी तुझ्या नवऱ्याचं रक्त तपासा, त्याच्याआधी ह्या वसंताचं. लसी सगळ्या दे, त्याला हरकत नाही, ती सुई क्षणात बाहेर येते. कानातली तार आठवडाभर जखम उघडी ठेवते. आणि समज पोरीत आहे असं निघालं, तर ती मरणार असं नाही. खरचटलं, ताप आला, की हळद लावत बसायचं नाही, तासाभरात डॉक्टरकडं आणि तोंडानं सांगायचं, आमच्यात असं आहे. सांगितलं की डॉक्टर वेळेत हातपाय हलवतात. वैदेहीनं मला हे दहा वेळा म्हणायला लावलंय. न सांगितल्यानं मेली ह्या घरातली माणसं.

वसंता, उभा राहू नको. धाकटीचे पाहुणे मला दिसतायत, डाव्या बाजूला, निळ्या शर्टाचे. नमस्कार हो. मुलगी गुणाची आहे. तिच्या रक्तात काय आहे ते अजून कुणाला ठाऊक नाही, तुमच्या मुलाच्या रक्तात काय आहे ते तुम्हालाही ठाऊक नाही. एवढ्यावर उठून जायचं असेल तर चहा घेऊन जा, मी केलाय. तिला आज वाईट वाटेल. माझ्यावर चिडेल, बोलणार नाही. चालेल. चिडायला माणूस जिवंत असावं लागतं.

आईनं पाण्यासाठी उघडलेलं तोंड मी कोरडंच ठेवलं म्हणून वसंत मला आता दारात उभं करणार नाही. बरोबर आहे त्याचं. मी त्याच्या जागी असते तर मीही केलं नसतं. ऋतुजा, तूही म्हण हवं तर, म्हातारी निर्दय आहे. म्हण, आणि तपासणी कर.

अध्यक्षसाहेब घड्याळ दाखवतायत. दोन मिनिटं शांत उभं राहायची वेळ झाली म्हणे. उभे राहा सगळे. ज्यांचे गुडघे धरतात त्यांनी बसून केलं तरी चालेल. वन्सं, शेवटचा नमस्कार तुम्हाला. वाकून करत नाही, पण करते.

आणि मंडळी, ती तिसऱ्या रांगेतली, मांडीवरची पोरगी चुळबुळायला लागलीय, आता रडणार. रडू दे तिला. दोन मिनिटं आपण गप्प राहू. तिला कुणी गप्प करायचं नाही.